हिराजीबुवांचं मंडळ

हिराजीबुवा दुकानात आले की आधी माणसं मोजायचे. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, आत यायचं आणि बसण्याआधी हनुवटी एकेकाकडे वळवत पुटपुटायचं, "एक, दोन, ती बाई तीन, आन तू चौथा." झेरॉक्ससाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला आपली गणती झाली हे कळायचंसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "बुवा, मोजून करता काय?" तर म्हणाले, "काय नाय करत रं. पन कोन हाय आन कोन नाय, ते म्हाईत असावं मानसाला."

सवय नोकरीतली होती. खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात टाइम ऑफिसात काढली. गेटजवळच्या खिडकीत बसायचं आणि कामगारांची हजेरी मांडायची. कोण आला, कोण नाही, कोण पाच मिनिटं उशिरा आला आणि सायकल पंक्चर झाल्याचं सांगतोय. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, हजेरी राहिली. कडावच्या पुढे करंजपाडा म्हणून त्यांचं लहानसं गाव. तिथल्या भजनी मंडळाचे ते बुवा, म्हणजे पुढे बसून भजन सांगणारे. बायको पूर्वीच गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. मागे राहिले ते, त्यांची पेटी आणि मारुतीचं देऊळ.

माझं कर्जतला लहानसं दुकान आहे. फोटो, झेरॉक्स, लग्नपत्रिका, फ्लेक्स. देवाधर्माशी माझा संबंध पत्रिकेच्या पहिल्या ओळीपुरता. 'श्री गणेशाय नमः' ठळक छापायचं की साधं, याच्या पलीकडे मला कधी आध्यात्मिक प्रश्न पडलेला नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या चाळीसेक भजनी मंडळांचा एक संघ आहे. त्यांची मंडळांच्या नावाफोनांची पुस्तिका माझ्याकडे छापायला यायची. ती छापून होईपर्यंत निम्मे नंबर बदललेले असायचे. हिराजीबुवांनी समितीत विषय काढला की पुस्तिका पुरे झाली, आता वेबसाइट करू. वेबसाइट म्हणजे काय हे अर्ध्या समितीला कळलं नाही, आणि म्हणूनच ठराव एकमतानं पास झाला. सांभाळायची कोणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले.

दर गुरुवारी चार वाजता. मिनीडोर रिक्षातून उतरायचं, माणसं मोजायची, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचं आणि खिशातून चिठ्ठी काढायची. अमक्या गावचा पखवाजवाला बदलला. तमक्याचा फोन बंद आहे, मुलाचा घाल. कुणी भजनी माणूस गेला की त्याच दिवशी फोन करून 'दुःखद निधन' या पानावर नाव चढवायला लावायचे, म्हणजे आजूबाजूची मंडळं टाळ घेऊन वेळेत पोहोचतील. सगळं झालं की मला पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी दाखवायला सांगायचे आणि प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचायचे. गिऱ्हाइकं बघत राहायची. मी खाली मान घालून बसायचो.

मंडळानं कळवलं म्हणून माहिती चढवायची, हे त्यांना मान्यच नव्हतं. संध्याकाळी न सांगता ते एखाद्या गावी जायचे, हरिपाठाला देवळात मागे बसायचे, डोकी मोजायचे आणि निघून यायचे. एका मंडळानं बावीस सभासद कळवले होते. बुवांनी नऊ लिहायला लावले. त्यांचा प्रमुख माझ्या दुकानात येऊन भांडला, "अहो, बाकीचे शिफ्टला होते." बुवा शांतपणे म्हणाले, "शिफ्टला व्हते ते शिफ्टला मोजले. देवळात नऊ व्हते." आणि मग माझ्याकडे वळून नेहमीचं वाक्य, "हाय तर हाय लिव, नाय तर नाय लिव. मधलं काय नको."

नियमही त्यांनीच करून घेतला होता. पाच टाळ, एक पखवाज, एक विणेकरी. सात माणसांच्या खाली गेलं तर मंडळ म्हणायचं नाही, यादीतून काढायचं. कागदावर नियम ठीक होता. एका गुरुवारी खालापूरकडचे रघुनाथ नावाचे एक म्हातारे दुकानात आले. हातात घरच्या वालाच्या शेंगांची पिशवी. ती त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवली आणि बुवांपुढे उभे राहिले.

"नाव ऱ्हाऊ द्या बुवा. आमी तिघं हाव अजून."

"तिघांचं मंडळ व्हत नाय, रघुनाथ."

"पन तिघं तर हाव."

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "काढ." मी बटण दाबलं. रघुनाथ वाकून पडद्याकडे बघत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "येवढ्यात?" आणि निघून गेले. शेंगांची पिशवी तशीच राहिली. मी ती घरी नेली, बायकोनं भाजी केली आणि मी ती दोनदा मागून खाल्ली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, हे आज लपवत नाही.

करंजपाड्याच्या पानावर अकरा नावं होती आणि अकरा जणांचा फोटो. पांढरे सदरे, टोप्या, मध्ये बुवा. फोटो रोलच्या कॅमेऱ्यानं काढलेला होता, म्हणजे चांगलाच जुना. माझा धंदाच फोटोचा. मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण जो माणूस दुसऱ्यांची डोकी मोजत गावोगाव फिरतो, त्याच्या गावची डोकी मोजायला कोण जाणार?

संघाचा एकत्र सप्ताह माघात असतो, दर वर्षी वेगळ्या गावी. सात दिवस, सात रात्री नामस्मरण अखंड चालतं आणि तेवढा काळ वीणा जमिनीला टेकवायची नाही. कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभं असतं. दर दोन तासांनी मंडळ बदलतं, त्याला पहारा म्हणतात. या पहाऱ्यांचं वेळापत्रक म्हणजे आमच्या वेबसाइटचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. प्रत्येकाला सकाळ नाही तर संध्याकाळ हवी, कारण तेव्हा ऐकायला माणसं असतात. दुपारचा एक ते तीनचा पहारा कुणालाच नको. तेव्हा पंगती चालतात, आधीचं मंडळ वीणा सोपवून जेवायला पळतं आणि जेवलेली माणसं मिळेल त्या सावलीत आडवी होतात. बुवा दर वर्षी तो पहारा आपल्या करंजपाड्याला घ्यायचे. शिवाय त्या वेळात माइक बंद ठेवायचा, जेवणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. समिती म्हणायची, माणूस असावा तर असा, वाईट ते आपल्याकडे घेतो. मीही म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्ताहात एक कीर्तनकार आयत्या वेळी बदलले आणि मला नवा फ्लेक्स घेऊन जावं लागलं. पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. पंगती रस्त्यापलीकडच्या वावरात बसल्या होत्या. पाचशे माणसांच्या मांडवात सतरंज्या रिकाम्या पसरलेल्या, पंखे उगाच फिरत होते. आणि पुढे, फुलांनी सजवलेल्या चौरंगाशेजारी हिराजीबुवा एकटे वीणा गळ्यात घालून उभे होते. एका हातानं तार छेडत, अगदी हळू आवाजात रामकृष्णहरी म्हणत होते. टाळ नाही, पखवाज नाही. पाय सुजले होते.

मला बघून त्यांचा हात थांबला नाही, पण तोंड थांबलं. मग म्हणाले, "बरं झालं तू आलास. जरा धर. मला भायेर जाऊन येयाचंय. साखर हाय मला, दम निघत नाय."

"मला नाही येत बुवा."

"येयाचं काय त्यात? उभा ऱ्हा. खाली ठेवू नको."

त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरलो. "हलू नको," ते खालूनच म्हणाले, "रीत हाय. देनाऱ्यानं घेनाऱ्याला, घेनाऱ्यानं देनाऱ्याला." मग मीही वाकलो, वीणा सांभाळत, जमेल तसा. माझ्या पायाला आजवर असा कुणी हात लावला नव्हता. ते मांडवाच्या मागे गेले आणि मी दहाएक मिनिटं तिथं उभा राहिलो. तोंडानं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून नुसते ओठ हलवले. समोर ऐकायला कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या दहा मिनिटांत मला इतकं एकटं वाटलं की बुवा येताना दिसले तेव्हा मी जवळजवळ धावत पुढे गेलो.

वीणा परत घेताना पुन्हा पाया पडणं झालं. मी विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?"

"कोन बाकीचे?"

"तुमचे अकरा जण."

ते वीणेचा पट्टा खांद्यावर नीट करत राहिले. मग म्हणाले, "गुरवारी बोलू."

गुरुवारी ते आले तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी मोजली नाहीत. सगळी जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि म्हणाले, "करंजपाडा काढ."

मला राग आला होता आणि तो मी गिळला नाही. म्हटलं, "रघुनाथांचं तिघांचं काढायला लावलंत, आणि तुमचं एकट्याचं ठेवलंत?"

"व्हय."

"किती वर्षं?"

"सहा." मग त्यांनी हजेरी सांगावी तसं सांगितलं. चौघे वारले. जमिनी विकल्या गेल्या, तिथं मुंबईवाल्यांचे बंगले झाले, तशी तीन घरं नेरळला गेली. दोघे दुसऱ्या संप्रदायाच्या बैठकीला जातात. एकाला आता ऐकू येत नाही, तो येत नाही. "म्या ऱ्हायलो."

"मग लिहायचं तसं."

"फोन येतो रं," ते म्हणाले. "'करंजपाडा मंडळ काय?' असं इचारतात. म्या 'हाय' बोलतो. आता हिराजी म्हनून मला कोन फोन करतंय?"

माझा राग तिथंच विरला. म्हटलं, राहू दे बुवा, कोण बघतंय. तर म्हणाले, "म्या बघतोय. तेवढं बस हाय. काढ." मी काढलं. त्यानंतर त्यांनी नेहमीसारखी यादी वाचली, पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत, मोठ्यानं, न अडखळता. त्या दिवशी मी मान खाली घातली ती गिऱ्हाइकांच्या लाजेनं नव्हे.

पुढच्या आठवड्यात ते रघुनाथांच्या गावी जाऊन आले. घराला कुलूप होतं. म्हातारा मुलाकडे कल्याणला कायमचा गेला होता आणि त्याचा फोन नंबर आम्ही पानाबरोबर काढून टाकला होता. "सांगायचं ऱ्हायलं," एवढंच बुवा म्हणाले.

नंतर ते लवकर येऊ लागले. चारऐवजी तीनला, मग दोनला, मग गुरुवार सोडून मधल्या वारीही. मंडळ म्हणून त्यांना येणारे फोन थांबले होते. माझी लग्नसराई चालू होती, दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि हे स्टूल अडवून बसलेले. एकदा म्हणाले, "ये की एकदा करंजपाड्याला, सांजच्याला. हरिपाठ अर्ध्या तासाचा असतो." मी म्हटलं, "बघू, सीझन संपू दे." आमच्या धंद्यात सीझन संपत नाही. लग्नं संपली की वाढदिवस असतात, वाढदिवस संपले की निवडणुका.

शेवटी मी एक शहाणपणा केला. त्यांना सगळं मोबाइलवर करायला शिकवलं. पासवर्ड, नवं नाव घालणं, फोटो चढवणं, वेळापत्रक बदलणं. तीन गुरुवार लागले. जन्मभर तक्ते भरलेला माणूस, हात चटकन बसला. शेवटच्या गुरुवारी त्यांनी माझ्यादेखत एका गावचा नंबर बदलून दाखवला आणि फोन खिशात ठेवला.

"म्हंजे आता येयाला नको?"

"नको ना," मी खुशीत म्हणालो, "घरबसल्या होईल."

"बरं झालं," ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले. त्यांचा तो प्रश्न होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला ते वेबसाइटसाठी येतात असं वाटत होतं.

दर गुरुवारी चार वाजता साइटवर काहीतरी बदललेलं असायचं. कधी एक नंबर, कधी एक नाव. मी दुकानातून बघायचो आणि म्हणायचो, बुवा ठीक आहेत. पुढच्या माघातल्या वेळापत्रकात एक ते तीन हा रकाना त्यांनी कोरा ठेवला, त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही. यादी मंडळांची आहे, माणसांची नाही, असं ते मागे एकदा म्हणाले होते. कोऱ्या रकान्यात वीणा कुणाच्या गळ्यात असणार ते मला ठाऊक होतं. दोन्ही वर्षी जाईन जाईन म्हणत मी गेलो नाही.

यंदा वैशाखात एका गुरुवारी साइटवर काही बदललं नाही. म्हटलं, रेंज नसेल. पुढच्याही गुरुवारी तसंच झालं. फोन लावला तर बंद. शुक्रवारी सकाळी दुकान बायकोवर सोडून स्कूटर काढली. इतक्या वर्षांत मी करंजपाड्याला पहिल्यांदा जात होतो. दोन्ही बाजूंनी बंगल्यांच्या भिंती, बंद फाटकं, मधून कच्चा रस्ता आणि शेवटी सातआठ घरं. मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या घराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई खाटेवर पापड वाळत घालत होती.

"बुवा गेले," ती म्हणाली. "अकरा दिवस झाले. झोपेतच गेले, सकाळी आमालाच कळलं. पोर आली डोंबिवलीवरनं, सगळं करून गेली."

"भजनाला कुणी आलं होतं?"

"कोन येनार? टाळ वाजवनारा एक त्येच तर व्हते."

चाळीस मंडळांतल्या प्रत्येकाच्या जाण्याची बातमी त्याच दिवशी देणारा हा माणूस; त्याची बातमी कुठल्याच मंडळाला गेली नाही. ती द्यायची कोणी? वेबसाइटवर तर अजून त्यांचं नाव आणि 'संपर्क साधा' असं लिहिलेलं होतं. मी अंगणातच उभा राहिलो. बाईनं पापड ठेवून विचारलं, "तुमी कोन त्यांचे?"

"कोणी नाही. कर्जतचा दुकानवाला."

"विलास काय?"

मी चमकलो. "तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

"देवळात हाय की नाव तुमचं. बुवा रोज सांजच्याला बोलायचे ना, मला आयकू येयाचं."

ती मला देवळात घेऊन गेली. मारुतीच्या मागे खुंटीला एक लांबट वही टांगली होती. कारखान्यातलं हजेरीपुस्तक, एक ते एकतीस रकाने छापलेलं. प्रत्येक महिन्याचं एक पान, बुवांच्या ठाशीव अक्षरात भरलेलं. वर तीच अकरा नावं. चार मेलेल्यांवर लाल रेघ. बाकीच्यांपुढे रोजचा रकाना भरलेला: बुवांपुढे 'ह', इतरांपुढे 'गै', म्हणजे गैरहजर. रोज हरिपाठ झाल्यावर ते या वहीतली नावं मोठ्यानं पुकारायचे, बाई सांगत होती. कोणी ओ द्यायचं नाही, मग लिहायचे.

अकरांच्या खाली बारावं नाव होतं. 'विलास, कर्जत.' शेवटच्या पानावर माझ्यापुढे, बुवांची हजेरी थांबली त्या तारखेपर्यंत, सगळे 'गै'. त्याच्या आदल्या महिन्यातही. मी मागे मागे पानं उलटत गेलो. पावसाळा, उन्हाळा, पुन्हा पावसाळा, सगळे 'गै'. शेवटी माझं नाव जिथं पहिल्यांदा लिहिलं होतं ते पान आलं. दोन वर्षांपूर्वीचा माघ, सप्ताहाचा दिवस. तिथं माझ्यापुढे 'ह' होतं, आणि त्या दिवशीच्या रकान्याखाली बुवांनी बेरीज मांडली होती: दोन.

दोन वर्षं मी त्यांच्या मंडळात होतो. रोज गैरहजर होतो, आणि मला ते माहीतही नव्हतं.